लांगऱ्याचे डोनट

माझे मालक लढाईवरून परत आले तेव्हा सगळं गाव वेशीवर गेलं होतं. हलगी वाजत होती, पोरं झाडांवर चढली होती. घरात मी, सासूबाई आणि म्हैस एवढ्याच राहिलो होतो. मी पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि फटीला डोळा लावून उभी राहिले. मिरवणूक आमच्या बोळात आली तेव्हा आधी दिसले मामंजी, म्हणजे माझे सासरे. लाल फेटा, छातीवर पहिल्या लढाईतली बिल्ले-पदकं. त्यांच्या मागं एक काळवंडलेला, वाळलेला माणूस चालत होता. त्याच्या गळ्यात झेंडूचे हार होते आणि नजर जमिनीवर होती. लग्नानंतर तीन आठवडे पाहिलेला माणूस. तो हाच का, याची मला पटकन खात्री पटेना.

आमचं गाव कुंडलपासून दोन कोसांवर. घरचा ऊस, घरच्या शेंगा, दावणीला जनावरं. मामंजी पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आले होते आणि पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्या वजनाखाली आम्ही बायका राहत होतो. आमच्यात सून सोप्यात येत नसे. सोपा म्हणजे घराची पुढची पडवी, तिथं पुरुष बसत. पाण्यासाठी बाहेर जायला नको म्हणून परसात आड खोदलेला. देवळात जायचं ते वर्षातून एकदा, तेही झाकलेल्या गाडीतून. माझं लहानपण साताऱ्यात मामाकडं गेलं होतं. तिथं मी पाचवीपर्यंत शिकले, राजवाड्यापासून शाळेपर्यंत रोज एकटी चालत जायची, वाटेत चिंचा पाडायची. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि ते चालणं संपलं. परसाच्या भिंतीपासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत बत्तीस पावलं होती. ती मी इतक्यांदा मोजली होती, की पुढं पुढं पाय आपोआप बत्तिसाव्याला वळायचे.

मालक परदेशात असताना त्यांची पत्रं यायची. पत्र आलं की मामंजी सोप्यात माणसं जमवायचे आणि मोठ्यानं वाचायचे. मी माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकायची. पत्रात तोफा असायच्या. डोंगरावर चढून जर्मनाची चौकी घेतलेली असायची. एकदा तर मालकांनी जखमी साहेबाला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होता. ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मग एकदा मामंजींनी वाचून झालेलं पत्र सासूबाईंच्या हातात दिलं, त्यांनी ते पेटीत ठेवायला माझ्याकडं दिलं. मी घडी उलगडली. आत चार ओळी होत्या. 'मी खुशाल आहे. थंडी फार आहे. आईला पायाला तेल लावायला सांगणे. म्हैस व्याली का ते कळवणे.' मी कागद उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं. ओढा नव्हता, साहेब नव्हता.

हे कुणाला सांगणार? मी कागद पेटीत ठेवला आणि भाकऱ्या थापायला बसले.

मालक परत आल्यावर पहिले पंधरा दिवस ते फारसे बोललेच नाहीत. सोप्यात माणसं यायची, लढाईचं विचारायची. मामंजी उत्तरं द्यायचे आणि मालक मान हलवायचे. आत आले की मात्र ते चुलीकडं बघत बसायचे. एकदा मी भाकरी तव्यावर टाकणार तोच ते उंबऱ्यातून म्हणाले, "थांब, तवा अजून तापला न्हाई." मी पाण्याचा थेंब टाकून पाहिला. खरंच तापला नव्हता. आमच्याकडच्या पुरुषाला तवा तापल्याचं लांबून कळतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

चार-पाच दिवसांनी, दुपारच्या वेळी, मी गोठ्यात शेण भरत होते. ते वैरण टाकायला आले आणि गव्हाणीला टेकून उभे राहिले.

"तुला एक सांगायचं हाय," ते म्हणाले. "कुनाला बोलू नगंस."

"न्हाई बोलायची."

"मी बंदूक चालवली न्हाई. मी लांगरी हुतो."

लांगरी म्हणजे पलटणीतला स्वयंपाकी. मला तेव्हा तो शब्द ठाऊक नव्हता, त्यांनी समजावून सांगितला. भरतीच्या वेळी त्यांचे डोळे कमी पडले, बंदुकीला घेतलं नाही, भटारखान्यात घातलं. शेकडो माणसांची डाळ, रोट्या, चहा. बर्फात चूल पेटवायची, वरून विमानं आली की विझवायची. त्यांचा एक सोबती पाणी आणायला गेला तो परत आलाच नाही. हे सगळं त्यांनी वैरणीकडं बघत सांगितलं.

"मग आल्या आल्या का सांगितलं न्हाई?"

"सांगनार हुतो. येशीवर आबांनी हार घातला आन् कानात म्हनले, मान वर कर, ताठ चाल. मागं हलगी. काय सांगू?"

मला पेटीतलं पत्र आठवलं. मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी हातातली वैरण गव्हाणीत टाकली. मग म्हणाले, "म्हंजे आपुन दोघंबी कोंडलोय म्हन की." आणि लढाईवरून आल्यापासून ते पहिल्यांदा हसले.

त्यानंतर दुपारी गोठ्यात आमचं बोलणं व्हायला लागलं. इटली नावाच्या मुलखात त्यांच्या तळाशेजारी अमेरिकन पलटण होती. तिच्या भटारखान्यात एक काळा, धिप्पाड आचारी होता. त्याला यांची भाषा येत नव्हती, यांना त्याची येत नव्हती. पण दोघंही पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे आणि सरपणाची देवाणघेवाण करायचे. या आचाऱ्यानं त्यांना एक पदार्थ शिकवला. डोनट. पिठाचं कडं करायचं, फुगवायचं, तळायचं आणि वरून साखरेचा लेप द्यायचा. तो लेप वाळला की काचेसारखा दिसतो. "बोटानं दाबलं की तडकतोय," मालक म्हणाले आणि हवेत बोट दाबून दाखवलं.

"भोक कशाला?"

"मधी कच्चं ऱ्हाऊ ने म्हून. लय सोपं असतंय बघ. फकस्त खमीर पायजे."

खमीर म्हणजे पाव फुगवायला लावतात ते आंबवण. ते आमच्या गावात कुठलं असायला? पण पुढच्या महिन्यात मालकांना लष्करातून सुटल्याच्या कागदांसाठी सांगलीला जावं लागलं. ते झाकणाचा डबा घेऊन परत आले. स्टेशनजवळ एका मुसलमान पाववाल्याची भट्टी होती, तिथं हे मागायला गेले. म्हातारा पाववाला देईना. मग यांनी परातीतल्या कणकेला नुसतं बोट लावलं आणि म्हणाले, आज थंडी हाय, हिला अजून तासभर लागंल. म्हातारा बघतच राहिला. "तुमी भट्टीवर काम केलेलं दिसतंय," तो म्हणाला आणि त्यानं डबा भरून दिला. वर असंही म्हणाला, की माझी पोरं दुसऱ्या धंद्याला गेली, तुमच्यासारखा हात मिळाला तर मी आनंदानं घेईन.

ते सांगताना मालकांचा चेहरा उजळला होता. मी विचारलं, "जाऊ या का आपुन?" मामंजींपुढं हा विषय काढायचा कसा, हे त्यांनाही कळत नव्हतं.

डबा मी सरपणाच्या मागं लपवला. रोज त्यात चिमूटभर पीठ आणि पाणी घालायची, जसं ते सांगतील तसं. त्याला आंबूस वास यायचा आणि सासूबाई विचारायच्या, काय नासलंय गं? मी म्हणायची, ताक असेल.

शेवटी संधी आली ती नणंदेच्या मुलीच्या लग्नाची. सगळं घर दोन दिवसांसाठी निघालं. जनावरांना कुणीतरी हवं म्हणून मालकांना मागं ठेवलं, आणि त्यांच्या भाकरीसाठी मला. उजाडताच गाडी गेली. घुंगरांचा आवाज थांबला तसं मी दाराला कडी घातली, आणि कडी घालताना आयुष्यात पहिल्यांदा मला ती आपली वाटली.

मैदा नव्हता. गहू ओलवून, सावलीत वाळवून, दळून, वस्त्रातून गाळून मी सपीट करून ठेवलं होतं. ते मालकांनी परातीत घेतलं. कोमट दुधात थोडी साखर आणि खमीर कालवून ते बाजूला ठेवलं. वर फेस आला तेव्हा म्हणाले, "जितं हाय." मग त्यात लोण्याचा गोळा, चिमूटभर मीठ, आणि ते मळायला बसले. कमरेला पंचा आवळलेला, बाह्या कोपरापर्यंत. मी त्यांचे हात बघत होते. लढाईवरून आल्यापासून ते हात गुडघ्यांवर नुसते पडून असायचे. त्या सकाळी ते पिठात अशा झपाट्यानं चालत होते, की मला आपला नवरा नव्यानं भेटला.

"हात लाव," ते म्हणाले. "कानाच्या पाळीगत लागाय पायजे."

मी आधी कणकेला हात लावला, मग स्वतःच्या कानाला. दोघंही हसलो.

परात ओल्या फडक्यानं झाकून उन्हात ठेवली. सूर्य चांगला वर येईपर्यंत पीठ दुप्पट झालं. मग पोळपाटावर अर्धा बोट जाडीचं लाटलं, फुलपात्रानं चकत्या पाडल्या आणि मधलं भोक माझ्या कुंकवाच्या करंड्याच्या झाकणानं. पुन्हा थोडा वेळ झाकून ठेवल्या. कढईत शेंगतेल तापत होतं. तेल जास्त तापलं तर बाहेरून करपतं आणि आत चिकट राहतं, कमी तापलं तर तेल पितं. मालकांनी पिठाचा कण टाकला. तो सावकाश वर आला तेव्हा त्यांनी पहिलं कडं सोडलं. ते तळाशी गेलं, मग तरंगलं आणि डोळ्यांदेखत फुगलं. काडीनं उलटलं तर खालची बाजू सोनेरी, आणि मधोमध सगळीकडून एक फिकट पट्टा. "ह्यो पट्टा आला की समजायचं, हलकं झालंय," ते म्हणाले.

साखर तेव्हा रेशनवर होती, पण मालकांनी किटबॅगेतून छोटी पिशवी आणली होती आणि मी तिला हात लावला नव्हता. ती जात्यावर दळून, गाळून, चमचा-दीड चमचा दुधात कालवली. दाट, पांढरी, ओघळेल अशी. गरम गरम कडी तिच्यात बुडवून सुपावर मांडली. बघता बघता लेप वाळला, पारदर्शक झाला. मी बोट दाबलं. तडकला.

मी पहिला घास घेतला आणि मागं वहाणांचा आवाज आला. परसाचं दार मी लावायला विसरले होते.

मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते. आहेराचं लुगडं आणि फेटा खुंटीवरच राहिला होता, ते न्यायला ते एकटे पायी मागं आले होते. वहाणा त्यांनी काढल्या नव्हत्या. मी पदर ओढून भिंतीला लागले. मालक उठले, आणि पिठाचे हात मांड्यांना चिकटवून सावधानमध्ये उभे राहिले. घरात, चुलीपुढं.

मामंजींनी परात पाहिली, कढई पाहिली, सूप पाहिलं.

"गावातल्या कुनाला म्हाईत हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग होऊ द्यायचं न्हाई."

"आबा, मी लांगरी हुतो."

"मला ठावं हाय."

मालकांचे हात मांड्यांवरून सुटले. "कवापासनं?"

"भरतीचा कागद आला तवापासनं. वाचता येतंय मला." मामंजींचा आवाज चढला नाही. "चार वर्सं मी तुला शिपाई केला. आता तू मला खोटा पाडू नगंस."

त्यांनी खुंटीवरचं गाठोडं घेतलं. जाताना सुपाकडं बोट केलं. "ते म्हशीला घाला."

आम्ही दोघांनी मिळून चार खाल्ले, पण घास फिरत होता. उरलेले म्हशीला घातले. ती जीभ फिरवून फिरवून लेप चाटत होती. मला ते बघून रडता रडता हसू आलं. मालक हसले नाहीत.

त्या दिवसानंतर मामंजींनी त्यांना एकटं सोडलं नाही. सांगलीला काही काम निघालं तर स्वतः जायचे. खमिराचा डबा सासूबाईंना सापडला, त्यांनी तो उकिरड्यावर ओतला. गावातली तरणी मुलं मालकांकडं यायची, बंदूक कशी धरायची ते शिकवा म्हणायची. मामंजी म्हणायचे, शिकवंल की. मालक काहीतरी कारण काढून मळ्यात जायचे आणि उसात जाऊन बसायचे. मला वाटायचं, त्यांना निदान ऊस तरी आहे.

पावसाळा सरला आणि गावात एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं. दोन वासरांना चावलं. लोकांनी हाकललं तसं ते आमच्या बोळात आलं आणि दारापुढच्या गाडीखाली जाऊन बसलं. मी पुढच्या दाराच्या फटीला डोळा लावला. तोंडातून फेस, मागचे पाय थरथरत होते. लोक दोन्ही बाजूंनी काठ्या घेऊन उभे. पाटलांनी आपली बंदूक मागवली आणि ती मालकांपुढं धरली.

"घे गड्या. तू असताना आमी कशाला नेम धरायचा?"

मालकांनी बंदूक घेतली. मामंजी सोप्यात उभे होते, मला त्यांची पाठ दिसत होती. मालकांनी बंदूक खांद्याला लावली, पुन्हा खाली घेतली. मग ती पाटलांच्या हातात परत दिली आणि मोठ्यानं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलले.

"पाटील, मी लांगरी हुतो. चार वर्सं रोट्या भाजल्या. मला गोळी मारता येत न्हाई, उगं कुनाला तरी लागंल."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. पाटलांनी दुसऱ्या गड्याला बंदूक दिली, त्यानं दोन गोळ्यांत कुत्रं पाडलं. तोवर मामंजी आत निघून गेले होते. माझ्या अंगावरून गेले, पण त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. फटीशी उभी होते म्हणून रागावलेही नाहीत.

त्या रात्री मालकांनी त्यांना पाववाल्याच्या भट्टीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी सासूबाईंच्या तोंडून निरोप दिला. "त्येला म्हनावं, सांगलीला जा, काय करायचं त्ये कर. सून हितंच ऱ्हाईल. माझ्या घरची बाई भट्टीवर जायाची न्हाई."

मालकांनी मला विचारलं, "काय करू?" मी काय सांगणार? ते गेले नसते तर कुढून मेले असते. मी म्हणाले, जावा. पण ते बोळातून गेले आणि मी दाराला कडी घातली तेव्हा मला त्यांचा असा राग आला, की हातातला तांब्या मी आडात फेकला. खरं बोलून ते सुटले होते. त्या खऱ्याची शिक्षा मी भोगणार होते.

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. मालक महिन्या-दीड महिन्यानं यायचे, सोप्यात पाहुण्यासारखे बसायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. देश स्वतंत्र झाला त्या सकाळी प्रभातफेरी आमच्या दारावरून गेली. मी आणि सासूबाई दाराआड उभ्या राहून ऐकत होतो. बायकांचेही आवाज होते त्यात. सासूबाई हळूच म्हणाल्या, "कुनाच्या बाया असत्याल गं?"

सासूबाईंबद्दल मी आतापर्यंत फार लिहिलं नाही, कारण तोवर मी त्यांना ओळखतच नव्हते. मामंजींच्या पुढं त्यांचा आवाज कधी निघत नसे. एकदा मालक सांगलीहून कागदात बांधून डोनट घेऊन आले. प्रवासात ते दडस झाले होते, लेप ओला होऊन कागदाला चिकटला होता. मालक गेल्यावर सासूबाईंनी त्यातला अर्धा तोडून तोंडात टाकला आणि चघळत राहिल्या.

"ताजं असतंय तवा कसं लागतंय?" त्यांनी विचारलं.

"मऊ असतंय, आत्याबाई. लय मऊ."

"त्या दिवशी मी डबा वतला न्हवं का," त्या म्हणाल्या आणि त्यांनी उरलेला अर्धा कागदात गुंडाळला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सांगलीहून निरोप आला. मालकांना विषमज्वर झाला होता, शुद्ध हरपली होती. निरोप घेऊन आलेला माणूस सोप्यात बसला होता. मामंजी म्हणाले, मी उद्या जाऊन बघून येतो. मी माजघरात ऐकलं. मी खांबाला धरून उभी राहिले. इतक्या वर्षांत मीही असा अंदाज बांधला होता, की नवरा मेला तरी आपल्याला उद्याच कळेल, आणि तेही दाराआडून.

सासूबाई चुलीपुढून उठल्या. त्यांनी नवं लुगडं नेसलं, मला नेसायला सांगितलं. एका फडक्यात भाकरी आणि कांदा बांधला. माझा हात धरला आणि परसाच्या दाराकडं न जाता माजघर ओलांडून सरळ सोप्यात आल्या. तिथं पाच-सहा पुरुष बसले होते. मी पदराआडून फक्त पाय पाहिले, सगळ्यांचे पाय एकदम मागं सरकले.

"कुटं निघाला?" मामंजींनी विचारलं.

"माझं प्वार मराय लागलंय. वाट सोडा."

"मी उद्या जानार हाय न्हवं."

"तुमी उद्या जावा. आमी आज जातो."

मामंजी पायरीवर उभे होते. ते हललेच नाहीत. सासूबाईंनीच त्यांना वळसा घातला आणि आम्ही बोळात उतरलो. ऊन मी म्हणत होतं. माझ्या पायाला फुफाटा भाजत होता. सासूबाई भराभर चालत होत्या, आणि स्टेशनची वाट कुठली ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या गावात येऊन त्यांना चाळीसएक वर्षं झाली होती. शेतातल्या बायांना विचारत विचारत आम्ही निघालो.

मैलभर गेलो असू. मागून घुंगरं ऐकू आली. आमचीच गाडी होती आणि कासरा मामंजींच्या हातात होता. गाडी आमच्याजवळ थांबली. ते पुढं बघत राहिले. सासूबाई चढल्या, मग मी चढले. स्टेशनपर्यंत त्यांनीच गाडी हाकली. आगगाडी सुटताना मी खिडकीतून पाहिलं, ते फलाटावर आमच्याकडं पाठ करून उभे होते.

मालक वाचले. पाववाल्याच्या म्हाताऱ्या बायकोनं त्यांना भट्टीमागच्या खोलीत ठेवून, तांदळाची पेज पाजून जगवलं होतं. सासूबाई तिथं आठ दिवस राहिल्या. पहिले दोन दिवस त्या तिच्या हातचं पाणी घेत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी मी खोलीत आले, तर दोघी शेजारी बसून मालकांच्या उशाशी पंखा हलवत होत्या आणि सासूबाईंच्या हातात तिचा पेला होता. निघताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "तू ऱ्हा."

मी राहिले. मामंजी पुढं एकदा पेन्शनीच्या कामाला सांगलीत आले होते. पाववाल्यानं सांगितलं, की भट्टीसमोरच्या लिंबाखाली एक फेटेवाला म्हातारा बराच वेळ उभा होता. ग्राहक येत-जात होते, मालक आत सुपावर डोनट मांडत होते. म्हातारा रस्ता ओलांडून आला नाही. मालकांनी ते ऐकलं आणि हातातलं काम चालू ठेवलं.

लोकांना वाटतं मी घर सोडलं त्या दिवशी सुटले. तसं झालं नाही. सांगलीत माझ्यावर कुणाची बंदी नव्हती. पहिल्या आठवड्यात मालक म्हणाले, मंडईतून भाजी घेऊन ये. मी पिशवी घेऊन निघाले आणि बोळाच्या तोंडाशी थांबले. पुढं मोठा रस्ता होता. टांगे, सायकली, अनोळखी पुरुष, आणि कुठंच भिंत नाही. मी मागं फिरले आणि मालकांना सांगितलं, भाजी चांगली नव्हती. कितीतरी दिवस मी अशाच सबबी सांगत राहिले. त्यांच्या लक्षात आलं होतं. स्वतः भाजी आणायचे.

मग मी रोज थोडी थोडी पुढं जायला लागले. एक दिवस लिंबापर्यंत, एक दिवस कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. गिरणीवाली बाई माझ्याशी बोलायला लागली. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी, भट्टीतला पहिला घाणा निघाल्यावर, मी हात धुतले, चपला घातल्या आणि विश्रामबागेच्या रस्त्यानं चालत सुटले. दोन्ही बाजूंना मोकळी रानं होती, शाळू उभा होता. एक म्हातारा सायकलवरून जाताना म्हणाला, बाई, कुठं जायचंय? मी म्हणाले, कुठं न्हाई. तो गेला, आणि मी पुढं चालत राहिले.